कोणाचे कोण

निफाडच्या एसटीत आईच्या शेजारी अनोळखी बाई येऊन बसली की पुढे काय होणार ते मला पाठ आहे. आधी "कुठल्या तुम्ही?" मग "माहेर कुठलं?" मग एखादं आडनाव निघतं आणि आई विचारते, "म्हणजे ते पिंपळसचे? ते तुमचे कोण?" गाडी चांदोरीला पोचायच्या आत दोघींचं नातं लागलेलं असतं. मागच्या दिवाळीत निघालं ते असं: त्या बाईंच्या जाऊबाईंची मावसबहीण आईच्या चुलतभावाला दिलेली. खिडकीशी बसून मी ती वाट बोटांवर मोजली. नवरा, दीर, जाऊ, जाऊची आई, मावशी, मावसबहीण, तिचा नवरा, त्याचे वडील, त्यांचे भाऊ म्हणजे माझे आजोबा, आणि मग आई. दोन्ही हातांची बोटं संपली. आईला हे जुळवायला दोन मिनिटं लागली असतील, आणि ती वाटेत कुठे अडखळली नाही.

आपल्या भाषेनंच हे काम सोपं करून ठेवलंय. साडू म्हटलं की बायको, तिची बहीण आणि त्या बहिणीचा नवरा अशी तीन पावलं एका शब्दात चालून होतात. व्याही म्हटलं की मुलगा, सून आणि सुनेचे वडील. जाऊ, नणंद, आतेभाऊ, मामेसासरे, प्रत्येक शब्द म्हणजे एक आखलेली पायवाट. माणसाचं नाव एकवेळ आठवत नाही, पण "त्या आपल्या सुनंदाच्या नणंदेचे दीर" एवढं सांगितलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

मी गेली बारा वर्षं नाशकात बसून सॉफ्टवेअर लिहिते. बहुतेक काम एपीआयचं. म्हणजे मोबाइलवरचं किंवा वेबवरचं पान काहीतरी विचारतं आणि पाठीमागच्या डेटाबेसमधून त्याचं उत्तर काढून द्यायचं. हा डेटाबेस रिलेशनल, म्हणजे टेबलांचा, असावा की ग्राफ, म्हणजे वस्तू आणि त्यांना जोडणाऱ्या नात्यांचा, हा प्रश्न माझ्यासाठी बरीच वर्षं मुलाखतीत विचारायचा प्रश्न होता. तो खऱ्या अर्थानं माझा झाला तो दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये.

ज्यांनी पॅकहाउस आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी होते आणि जानेवारी ते एप्रिल निर्यातीचा माल निघतो. पहाटे बागेत तोडणी, क्रेटमधून माल पॅकहाउसला. लांबलचक टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या असतात, डोक्यावर टोपी, हातात बारीक कात्री. घड उचलायचा, देठाला धरूनच, कारण मण्याला बोट लागलं की वरचा मेणाचा पांढरा थर जातो आणि माल हाताळलेला दिसतो. तडकलेला, बारका, डागी मणी कात्रीनं काढायचा. मग वजन, मग पाचशे ग्रॅमच्या पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, घड बसवणं, दहा पनेटची एक पेटी, पेटीत बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड. पेट्या एकावर एक रचून पॅलेट, पॅलेट प्रीकूलिंगला, तिथून शीतगृहात आणि मग कंटेनरनं न्हावाशेवाला. बाहेर फेब्रुवारीचं ऊन तापलेलं असतं आणि आत स्वेटर घालून हिंडावं लागतं. त्या गारव्यात द्राक्षांचा वास असा काही साठून राहतो की घरी आल्यावर केसांना येतो.

या मालाचा माग ठेवणं सक्तीचं असतं. निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट नावाची यंत्रणा त्यासाठीच आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, त्या वर्षाची आठवण आजही बागाईतदार दबक्या आवाजात काढतात. पॅकहाउसच्या आतला माग, कोणत्या क्रेटमधून कोणती पेटी झाली हा, ज्यानं त्यानं आपला ठेवायचा. तोच ठेवण्याचं काम आमच्याकडे आलं.

मी पोस्टग्रेस हा रिलेशनल डेटाबेस घेतला. सात टेबलं केली: शेतकरी, बाग, तोडणी, क्रेट, पेटी, पॅलेट, कंटेनर. प्रत्येकात मागच्या टेबलाचा क्रमांक. पेटीच्या क्रमांकावरून चार जॉइन मारून, म्हणजे चारदा टेबलाला टेबल जुळवून, शेतकऱ्यापर्यंत पोचता यायचं. पहिला हंगाम सुरळीत गेला, दुसराही गेला.

अडचण होती ती रिपॅकची. शीतगृहात तपासणी होते. एखाद्या पेटीत दोन घड बिघडलेले निघाले तर ती पेटी फोडतात आणि चांगले घड दुसऱ्या कमी भरलेल्या पेटीत घालून वजन पुरं करतात. म्हणजे आता एका पेटीचे दोन उगम झाले. ही नवी पेटीसुद्धा पुन्हा फुटू शकते. मी सुपरवायझरना विचारलं होतं, किती वेळा होतं असं? ते म्हणाले, "एकदा. फार तर दोनदा." मी रिपॅकचं एक टेबल केलं, जुनी पेटी आणि नवी पेटी असे दोन कॉलम, आणि क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, ते टेबल दोनदा जोडलं.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला. पिकलेल्या मालावर पाऊस पडला की मणी तडकतात, आणि पॅकिंगच्या वेळी न दिसलेली तड पुढे प्रवासात दिसायला लागते. माल समुद्रावरून जातो, तीन-चार आठवडे लागतात. महिन्याभरानं तिकडच्या खरेदीदाराचा मेल आला: एका पॅलेटमधल्या काही पेट्यांत तडकलेले मणी आणि बुरशी, फोटो सोबत. कोणत्या बागांचा माल आहे आणि त्या बागांचा माल आणखी कोणत्या पॅलेटवर आहे, दोन्ही कळवा. आमच्या एपीआयनं चार बागा दिल्या. चौघांचं पेमेंट रोखलं गेलं.

त्यातले एक काका चौथ्या दिवशी मोटारसायकलवरून आले. साठीच्या पुढचे. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली छोटी डायरी काढली. तोडणीची तारीख, क्रेटची संख्या, गाडीचा नंबर, गाडी निघाल्याची वेळ, सगळं निळ्या पेननं लिहिलेलं. त्यांची तोडणी पावसाच्या दोन दिवस आधी झाली होती. पावसाआधी कापलेला माल पावसानं कसा तडकेल? ते आवाज न चढवता मला म्हणाले, "ताई, तुमच्या मशीनमध्ये माझं नाव आलं. पण नाव कोणत्या वाटेनं आलं, ते काही आलं नाही. माझा माल कुठं मिसळला तेवढं दाखवा."

मला दाखवता आलं नाही. पॅकहाउसच्या कागदी रजिस्टरवरून पेटी-पेटीचा हिशोब जुळवायला मला तीन दिवस लागले. त्या घाईच्या आठवड्यात काही पेट्या तीनदा फुटल्या होत्या. तिसऱ्या रिपॅकच्या पलीकडे पाचवी बाग होती, पाऊस पडून गेल्यावर कापलेली, आणि तडकलेले मणी तिथले होते. काकांचे थोडे चांगले घड फक्त त्या पेट्यांत भरीला पडले होते. माझी क्वेरी दोन पावलं चालून थांबली म्हणून पाचवी बाग दिसली नाही आणि दोष जवळ दिसलेल्यांच्या अंगावर गेला. पैसे पुढे मिळाले, पण उशिरा, आणि द्राक्षाच्या बागेत उशिरा आलेल्या पैशाला फार अर्थ उरत नाही. औषधाच्या दुकानाची उधारी तोवर व्याज धरू लागलेली असते.

त्या दिवसानंतर मी या विषयाकडे गंभीरपणे पाहायला लागले.

आधी सरळ दुरुस्ती केली. एसक्यूएल ही टेबलांना प्रश्न विचारायची भाषा, तिच्या १९९९च्या मानकात स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी क्वेरी आहे, पोस्टग्रेसमध्ये ती २००९ पासून चालते. तीन काय, तीस रिपॅक असले तरी ती शेवटपर्यंत जाते. हे मी आवर्जून सांगते, कारण रिलेशनल डेटाबेसला हे जमतच नाही असं सांगून ग्राफ डेटाबेस गळ्यात मारणारे लोक मी ऐकलेले आहेत. जमतं. माझी चूक डेटाबेसची नव्हती, मी दोनवर थांबले ही होती.

पण त्याच हंगामात प्रश्न वाढत गेले. एका औषधाच्या एका बॅचबद्दल शंका आली: ती कोणत्या बागांवर मारली, त्या बागांचा माल कुठे कुठे गेला? मग, या दोन पेट्या एकाच दिवशी बिघडल्या, यांच्यात समान काय? तोडणीची टोळी? गाडी? शीतगृहातली खोली? प्रत्येक प्रश्नासाठी नवी क्वेरी, प्रत्येक क्वेरीसाठी एपीआयमध्ये नवा पत्ता, ज्याला एंडपॉइंट म्हणतात. क्वेरी साठ-सत्तर ओळींची व्हायची, आणि ती वाचून मूळ प्रश्न काय होता हे मलाच आठ दिवसांनी कळायचं नाही. मी जॉइन लिहीत होते आणि माझ्या डोक्यात मात्र फळ्यावर काढलेले गोल आणि बाण होते. आईला कुणी सांगितलं असतं, आधी गावातल्या सगळ्या नवऱ्यांची यादी आण, मग सगळ्या दिरांची, मग दोन्ही याद्या जुळव, तर तिचं नातं लागेपर्यंत निफाड केव्हाच मागे पडलं असतं.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कॉलेजात शिकताना मी समजून चालले होते की रिलेशनल म्हणजे टेबलांमधली नाती सांभाळणारा. तसं नाही. आयबीएमच्या सॅन होजेमधल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली हे प्रारूप मांडलं, त्यात 'रिलेशन' हा गणितातला शब्द आहे आणि त्याचा अर्थ, ढोबळपणे, ते टेबलच. एका ओळीतल्या किमतींचा एकमेकींशी असलेला संबंध. शेतकरी आणि बाग यांच्यातलं नातं म्हणून आपण जे समजतो ते त्यात वेगळी वस्तू म्हणून नसतंच. ते एका कॉलममधला आकडा असतं, आणि दोन आकडे सारखे आहेत हे क्वेरीच्या वेळी जुळवून बघायचं असतं.

कॉड यांच्या आधी परिस्थिती उलटी होती. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बॅकमन यांनी १९६०च्या दशकात जो डेटाबेस बांधला, त्यात एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे थेट दुवे होते. १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा, घेताना त्यांनी प्रोग्रामरला वाटाड्याच म्हटलं, नोंदींमधून वाट काढत जाणारा. कॉड यांचा आक्षेप असा होता की प्रोग्राममध्ये वाटा कोरून ठेवल्या की वाट बदलली की प्रोग्राम मोडतो. तो आक्षेप बरोबर होता, आणि म्हणूनच टेबलं जिंकली. कॉड यांनाही १९८१ साली तोच पुरस्कार मिळाला. ग्राफ डेटाबेस हे नवं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना हा इतिहास मी सांगते. दुव्यांची कल्पना टेबलांहून जुनी आहे. आजच्या ग्राफ डेटाबेसनं कॉड यांचं म्हणणं मात्र ऐकलेलं आहे: वाट कशी चालायची ते यंत्र ठरवतं, आपण फक्त कोणत्या आकाराची वाट हवी ते सांगतो.

मी निओफोरजे निवडला. स्वीडनमध्ये सुरू झालेला हा डेटाबेस, पहिली पक्की आवृत्ती २०१० ची. २०१६ मध्ये पनामा पेपर्स, म्हणजे परदेशांतल्या आडोशाच्या कंपन्यांची फुटलेली कागदपत्रं, बाहेर आले तेव्हा शोधपत्रकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १ कोटी १५ लाख कागदपत्रांमधून कोण कोणाचा भागीदार, कोण कोणाच्या पत्त्यावर, हे उलगडायला तो वापरला होता. ते वाचलं तेव्हा मला आईच आठवली. कागदांचा ढीग कितीही मोठा असो, प्रश्न तोच होता, कोणाचे कोण.

त्याची सायफर ही भाषा पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. गोल कंसात वस्तू, चौकोनी कंसात नातं, आणि मध्ये बाण. माझ्या फळ्यावरचं चित्रच ओळीत मांडलेलं. वहीत मी ते मराठीत उतरवून घेतलं:

(शेतकरी)-[:मालक]->(बाग)-[:तोडणी]->(क्रेट)-[:भरली]->(पेटी)-[:रिपॅक*०..]->(पेटी)

शेवटच्या बाणातली ती चांदणी म्हणजे, रिपॅक शून्य वेळा झालेलं असो की कितीही वेळा, चालत राहा. ज्या चांदणीच्या अभावी एका माणसाचे पैसे अडले होते ती इथे एका अक्षराएवढी होती.

आत काय होतं, तेही समजून घ्यायला हवं. रिलेशनल डेटाबेसमध्ये प्रत्येक जॉइन म्हणजे, ढोबळपणे, इंडेक्समध्ये, पुस्तकाच्या शेवटी असते तशा सूचीत, जाऊन शोध. इंडेक्स चांगला असेल तर हा शोध जलद होतो, पण प्रत्येक पावलाला तो पुन्हा करावा लागतो आणि टेबल वाढलं की थोडा थोडा जड होत जातो. निओफोरजेसारख्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोडपाशीच, म्हणजे चित्रातल्या गोलापाशीच, त्याच्या नात्यांचे पत्ते ठेवलेले असतात. पहिला नोड शोधायला इंडेक्स लागतो, तिथून पुढे पत्त्यावरून पत्त्यावर. त्यामुळे खर्च येतो तो जेवढं चाललात तेवढ्याचा. गोदामात एक लाख पेट्या असोत की पन्नास लाख, माझ्या पेटीला ज्या बारा गोष्टी जोडलेल्या आहेत त्या बाराच चाळाव्या लागतात.

आणि नात्यावर माहिती लिहिता येते, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. रिपॅक या बाणावरच तारीख, वेळ, किती घड गेले, कोणाच्या टेबलावर झालं, हे बसतं. काकांना हवं होतं ते हेच. नाव नव्हे, वाट.

याचा अर्थ मी टेबलं टाकून दिली असा नाही. पैशाचा हिशोब, किलोमागचा दर, वजावट, उचल, हंगामात कोणत्या वाणाचा किती टन माल गेला, हे सगळं आजही पोस्टग्रेसमध्ये आहे आणि तिथेच राहील. बेरीज-वजाबाकीच्या कामाला टेबलासारखं दुसरं काही नाही. दोन डेटाबेस ठेवल्याची किंमत मोजावी लागते. टेबलात नोंद झाली आणि ग्राफमध्ये पोचली नाही, असं होऊ नये म्हणून रोज रात्री दोन्हीकडची संख्या ताडून पाहावी लागते. नवी मुलं कामाला येतात त्यांना एसक्यूएल येतं, सायफर शिकवावी लागते. ज्यांच्या एपीआयला फक्त ग्राहक आणि त्याच्या ऑर्डरी दाखवायच्या आहेत त्यांनी या वाटेला येऊ नये असं मी स्पष्ट सांगते, विचारणाऱ्यांना सांगितलेलंही आहे.

एपीआयच्या बाजूला एक गोंधळ हमखास होतो, तो ग्राफक्यूएलचा. आमच्या पहिल्याच बैठकीत एकानं विचारलं, "ग्राफक्यूएल घेतलं की ग्राफ डेटाबेस आलाच ना?" नाही. ग्राफक्यूएल ही एपीआयला प्रश्न विचारायची भाषा आहे, फेसबुकनं २०१२ मध्ये स्वतःपुरती केली आणि २०१५ मध्ये सगळ्यांना खुली केली. मागे काहीही असू शकतं, टेबलं, फाइली, दुसरी एपीआय. पण मागे टेबलं असली आणि नीट काळजी घेतली नाही तर एक जुनं दुखणं उभं राहतं. पॅलेटसाठी एक क्वेरी, मग त्यातल्या दीडशे पेट्यांसाठी प्रत्येकी एक, अशा १५१ फेऱ्या. त्यावर उपाय आहेत, मागण्या गोळा करून एकत्र पाठवता येतात. मागे ग्राफ असला की मात्र आतल्या आत गुंफलेला सगळा प्रश्न एकाच चालीत बसतो, कारण विचारणाऱ्याचा आकार आणि साठवणाऱ्याचा आकार एकच. प्रश्न किती खोल जाऊ शकतो याला आम्ही मर्यादा घातली आहे. पेटीची बाग, बागेच्या पेट्या, त्या पेट्यांच्या बागा, असं कुणी गोल गोल विचारत गेलं तर सर्व्हर बसेल.

आता माझ्या हातून झालेली दुसरी चूक, कारण ती मला पहिलीपेक्षा जास्त शिकवून गेली. उत्साहात मी प्रत्येक गोष्टीचा नोड केला. वाणाचाही. 'थॉमसन' असा एक नोड आणि जवळपास सगळ्या बागा त्याला जोडलेल्या. मग त्या दोन बिघडलेल्या पेट्यांमधली सगळ्यात जवळची वाट विचारली. पुष्कळ वेळानं उत्तर आलं: दोन्ही थॉमसन. वाट खरी होती आणि तिचा उपयोग शून्य होता. या धंद्यात अशा नोडला सुपरनोड म्हणतात, ज्याला लाखो धागे जोडलेले असतात आणि ज्यात शिरलेली क्वेरी बाहेर यायला तयार नसते. आईनं त्या बाईंना कधी म्हटलं नसतं की तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या, आम्हीही नाशिक जिल्ह्यातले, म्हणजे आपलं नातं लागलं. ज्यानं सगळेच जोडले जातात त्याला ती नातं धरत नाही. मी वाणाचा नोड काढला, ती माहिती बागेवरच लिहिली. मग वाट आली: दोन्ही पेट्या एकाच संध्याकाळी शीतगृहाच्या एकाच खोलीत दाराजवळ होत्या.

गेल्या वर्षी वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो. तीर्थोपाध्यांनी गाव विचारलं, मग आडनाव. आतून लांबट, लाल कापडात बांधलेली वही आणली. गाव लागलं, आडनाव लागलं, आणि मग त्यांनी पानं उलटणं थांबवून नुसतं बोट फिरवायला सुरुवात केली. माझे आजोबा, त्यांचे तीन भाऊ, पणजोबा, कोण कोणाबरोबर आलं होतं. एका ठिकाणी "मागील वही पाहा" अशा अर्थाची खूण होती, ते उठून मागची वही घेऊन आले. आजोबांची सही मी पहिल्यांदा पाहिली, मोडीच्या वळणाची. गाव आणि आडनाव हा इंडेक्स, आणि त्यानंतर धागा धरून चालणं. त्या ओसरीवर बसून मला ते इतकं स्पष्ट दिसत होतं की विधी चालू असतानाही मन तिकडे जात होतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही, वडिलांना हे ऐकायला आवडलं असतं.

आईनं विचारलं, माझ्या माहेरची माणसं यात सापडतील का? ते म्हणाले, तुमचं माहेर दुसऱ्या गावाचं, त्या गावाची वही दुसऱ्या घरी. आई काही बोलली नाही. आमच्या पानावर ती वडिलांची पत्नी म्हणून होती, आणि तिच्या मागे जाणारा एकही धागा त्या वहीत नव्हता. ज्या बाईला दहा पावलांचं नातं दोन मिनिटांत लागतं तिची स्वतःची वाट त्या पानाशी थांबत होती. मी विनंती केली की आईच्या नावापुढे तिचं माहेरचं आडनाव आणि गाव लिहा. त्यांनी काही क्षण विचार केला आणि लिहिलं. मग माझंही नाव विचारून घेतलं.

यंदाच्या मार्चमध्ये ते डायरीवाले काका पुन्हा आले होते. यंदा त्यांच्या पेट्यांवर क्यूआर कोड होता आणि त्यांना तो चालतो की नाही ते स्वतः बघायचं होतं. मॅनेजरांच्या समोर बसून मी त्यांची एक पेटी उघडून दाखवली. स्क्रीनवर वर्तुळं आली: त्यांची बाग, तोडणी, क्रेट, पेटी. एका ठिकाणी दुसरा बाण येऊन मिळत होता, रिपॅक, तारीख, वेळ, तीन घड. त्यांनी खिशातून चष्मा काढला. तोच डायरीचा खिसा. बोट त्या बाणावरून मागे मागे नेलं. शेवटी दुसरी बाग होती. दुसऱ्या शेतकऱ्याचं नाव आम्ही दाखवत नाही, फक्त बागेचा क्रमांक, शिवार आणि क्षेत्र.

"खेडगाव शिवार, दीड एकर," त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे तर आमचे साडू," ते म्हणाले, आणि फोन काढला.